पायी चालण्याची एनओसी

मुलांनो, डोळे मिटा. डोळे मिटले तर पुढचं वाचणार कसं, हा प्रश्न मला अपेक्षित आहे. चौतीस वर्षं भूगोल शिकवला आणि दरवर्षी पहिल्या बाकावरून तो आलाच. बरं, उघडे ठेवा. पण कल्पना करा.

एक समुद्र आहे. त्याच्या काठाला वाळू नाही, कारण वाळूला बसायला जागाच नाही; डोंगर थेट पाण्यात उतरलाय. खडकाला कालवं चिकटतात तशी त्या डोंगराला पाच गावं चिकटलेली आहेत. घरं गुलाबी, पिवळी, विटकरी. एका गावातून दुसऱ्या गावात जायला एक पायवाट आहे, समोरून माणूस आला तर दोघांपैकी एकाने पोट आत घ्यावं एवढी. एका हाताला लिंबांच्या बागा, दुसऱ्या हाताला खाली समुद्र. तुम्ही चालताय. पायात काय आहे? स्लिपर? काढा. बूट घाला आणि नाड्या बांधा. अशा वाटेवर नाडी सुटलेली मला चालत नाही.

हा इटलीचा किनारा. नकाशावर इटली बुटासारखी दिसते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आपली पाच गावं त्या बुटाच्या वरच्या कडेला, पाय आत घालतो तिथे. मी हे दाभोळच्या खाडीकाठच्या शाळेत एका जुन्या नकाशावर शिकवत असे. त्या नकाशातली सिसिली उंदराने खाल्ली होती, त्यामुळे माझ्या सात-आठ तुकड्या सिसिलीशिवायच पास झाल्या. इटली मी स्वतः कधी पाहिली नव्हती. पाहिली नसताना इतकं ठामपणे शिकवता येतं, हे भूगोलाच्या मास्तरांचं गुपित आहे. बाहेर बोलू नका.

आता दुआची ओळख. दुआ माझी नात, वय दहा. अबू धाबीत अल रीम आयलंडवर तेविसाव्या मजल्यावर राहते. तिथे तिचे आईवडील म्हणजे माझी मुलगी शहनाझ आणि जावई ओवेस, आणि आता दोन वर्षं मीही. दुआ हुशार आहे. पण तिला अंतर कळत नसे. मी विचारलं, "शाळा किती लांब आहे ग?" तर म्हणाली, "ट्वेल्व्ह मिनिट्स." "किलोमीटर किती?" "नाना, डिपेंड्स ऑन ट्रॅफिक."

घरातून लिफ्ट, लिफ्टमधून पार्किंग, गाडीतून शाळा, शाळेतून मॉल. पोरीचे पाय म्हणजे बसल्यावर खाली लोंबकळायची वस्तू झाली होती.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी तिला टॉवरच्या फाटकाबाहेर चालवत नेलं. शेवटच्या इमारतीपाशी बांधकामाचे पत्रे लागले आणि फुटपाथ त्यांच्यामागे वळून दिसेनासा झाला.

"नाना, व्हेअर डझ इट गो?"

"पुढे. गावामागून गाव येत जातं. आम्ही असंच चालत जायचो, या गावातून त्या गावात."

"विदाउट कार?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशा काही दयेने पाहिलं की तुम्हाला सांगतो, मुख्याध्यापकांनी मेमो दिला तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं. त्या भरात मी वचन देऊन बसलो. मार्चअखेरच्या सुट्टीत आपण दोघं इटलीला जाऊ आणि ती पाच गावं चालत पाहू.

"कोकणात का नाही चालत, अब्बा?" शहनाझने विचारलं. प्रश्न बरोबर होता. पण कोकणात आपल्याला चालता येत नाही. दर दोन किलोमीटरला एक नातेवाईक. चहा घ्या, बसा, जेवूनच जा. तीन गावं पार करेपर्यंत सुट्टी संपते. इटलीत आपलं कुणी नाही, असा माझा भाबडा समज होता.

पुढचे पंधरा दिवस फार सुखाचे गेले. दुआच्या खोलीच्या भिंतीवर आम्ही मोठा कागद चिकटवला आणि किनारा काढला. या वेळी सिसिलीसकट. दुआ प्रश्न विचारायची आणि मला एकेक उत्तर येईनासं व्हायचं, यासारखा आनंद मास्तराला दुसरा नाही. घरं अशी रंगीत का? म्हणतात की समुद्रावरून परतणाऱ्या कोळ्याला आपलं घर लांबून ओळखू यावं म्हणून. खरं का? माहीत नाही, तिथे जाऊन एखाद्या कोळ्याला विचारू. डोंगरावर लिंबाची झाडं घसरत कशी नाहीत? पायऱ्या पायऱ्यांची शेतं करून दगडावर दगड रचतात, चुना नाही की सिमेंट नाही. "आपल्याकडे कलमांच्या बागेला गडगा असतो, तस्सा," मी म्हणालो. दुआने गडगा पाहिला नव्हता. तिने साखरेचे चौकोनी खडे रचून केला. दोनदा कोसळला, तिसऱ्यांदा उभा राहिला, आणि त्यात तिने एक लिंबू लावलं. मुंग्या येईपर्यंत ती बाग आमच्या टेबलावर होती.

मग बूट आले. "तीनशे दिरहम! म्हणजे सात हजार रुपये," शहनाझ मोठ्याने म्हणाली, "सात हजारांत गावाला छप्पर शाकारून होतं." तरीही घेतले. आणि मग व्हिसाचा फॉर्म आला.

फॉर्म भरायला आम्ही अलीमियाँकडे गेलो. अलीमियाँ म्हसळ्याचे; तीस वर्षं इथे टायपिंग सेंटर चालवतात, म्हणजे लोकांचे सरकारी कागद टाइप करून देतात. जगात एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, मिळणार नाही अशी गोष्टच नाही, यावर त्यांची श्रद्धा आहे.

"मास्तर, पहिल्या गावातून दुसऱ्या गावात कशाने जाणार?"

"चालत."

"ते समजलं. पण कशाने?"

"अहो, पायांनी!"

अलीमियाँनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्या पायांकडे पाहिलं. कॉम्प्युटरवरच्या यादीत विमान होतं, ट्रेन, बस, बोट, मोटार होती. पाय नव्हते. सगळ्यात खाली 'इतर' होतं. ते दाबल्यावर एक लाल चौकट उघडली: 'पुराव्याचा कागद जोडा.'

"चालण्याचा पुरावा?" मी म्हणालो. "मी इथपर्यंत आलो तो कसा?"

"टॅक्सीने आलात, मी काचेतून पाहिलं," अलीमियाँ म्हणाले. "टेन्शन घेऊ नका हबीबी. एनओसी काढू. तुमचा स्पॉन्सर कोण? जावई ना? त्यांची सही आणि वर शिक्का. खलास."

आणि त्यांनी टाइप केलं. इंग्रजीत होतं, मी अर्थ सांगतो: 'याद्वारे कळवण्यात येते की श्री. हनीफ, वय अडुसष्ट, हे माझे सासरे असून ते पाठीवर सामान घेऊन दिवसाला आठ किलोमीटर चालू शकतात, आणि त्यांच्या चालण्यास माझी कोणतीही हरकत नाही.'

मुलांनो, मी अकराव्या महिन्यात चालायला लागलो. तेव्हा माझ्या आईने कुणाचीही हरकत विचारली नव्हती. पण कागद घेतला, घडी घातली आणि घरी आलो.

आता ओवेसचं काम तुम्हाला माहीत हवं. तो एका बांधकाम कंपनीत काँक्रीट तपासतो. नव्या काँक्रीटचे ठोकळे यंत्रात घालून फुटेपर्यंत दाबायचे, किती दाबाला फुटले ते लिहायचं, आणि मगच कागदावर 'तपासले, समाधानकारक' असा शिक्का मारायचा. रास अल खैमाहून आलेलं सिमेंट असो की सख्खा सासरा, न तपासता तो सही करत नाही.

"अब्बा, यात लिहिलंय आठ किलोमीटर, सामानासकट. मी तर पाहिलेलं नाही. सही कशी करू?"

"म्हणजे मला यंत्रात घालणार का?"

"नाही. कॉर्निशवर, समुद्राकाठच्या त्या लांब फुटपाथवर, चालून दाखवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आठ भरतात. दुआ बरोबर. मोठी बॅग तुमच्या पाठीवर, आणि इटलीला नेणार तेच सामान त्यात. सोमवारी तुमची व्हिसाची अपॉइंटमेंट आहे, शनिवारी टेस्ट. पास झालात तर तिथल्या तिथे सही."

"अँड इफ फेल?" दुआने विचारलं.

"मग या सुट्टीत मॉलमधला नकली बर्फ पाहायचा. इटली नाही."

दुआ उठली. आत जाऊन तिने भिंतीवरच्या कागदावर पहिल्या गावापाशी पेन्सिलीने दोन माणसं काढली, एक उंच आणि एक बुटकं, आणि पेन्सिल तिथेच टेकवून उभी राहिली. मी पास झालो तरच ती दोघं पुढे सरकणार होती.

म्हणून सरावाला लागलो. आता अडचण अशी, की इटलीच्या त्या वाटेवर हजारो पायऱ्या आहेत आणि अल रीमवर चढ नावाची गोष्ट नाही. बेट तव्यासारखं सपाट. चढ कुठे? तर इमारतीच्या आत, आगीच्या वेळचा जिना. सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराला आम्ही दोघं तेविसाव्या मजल्यावरून त्या जिन्यात शिरलो. पाच मजले उतरायचं, पाच चढायचं, असा बेत होता. दुआने प्रत्येक मजल्याला गावाचं नाव दिलं. अठराव्या मजल्यावरच्या गावात आम्ही पाणी प्यालो, वर चढलो आणि दार ढकललं. उघडेना.

त्या जिन्याचं दार फक्त आत येऊ देतं, बाहेर जाऊ देत नाही. बाविसावं पाहिलं. एकविसावं पाहिलं. तिथे फोनला रेंज नाही.

"नाना, इन इटली ऑल्सो द डोअर्स आर लाइक धिस?"

"तिथे दारं नसतात. बागा असतात," मी म्हणालो, आणि आम्ही उतरू लागलो. तेवीस मजले. माझा उजवा गुडघा बाराव्या मजल्यापासून बोलू लागला आणि चौथ्याला ओरडू लागला. तळाचं दार मात्र लोखंडी दांडा दाबताच उघडलं, आणि त्याच क्षणी बत्तीस मजली इमारतीचा भोंगा सुरू झाला.

आम्ही कचऱ्याच्या खोलीमागून पुढच्या अंगणात आलो तेव्हा तिथे तीनेकशे माणसं उभी होती. पायजम्यात, टॉवेलमध्ये, एक गृहस्थ अर्ध्या दाढीत. एकोणिसाव्या मजल्यावरचे रामेश्वर, अमरावतीचे, छातीशी पासपोर्टची फाइल कवटाळून होते. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मैमुनाबींनी दोरीने बांधलेला पुठ्ठ्याचा खोका उचलून आणला होता. त्या दोन महिन्यांनी श्रीवर्धनला जाणार होत्या, पण खोका तयार होता. आणि या सगळ्यांसमोर मी, डोक्यावर उन्हाची टोपी, हातात काठी, पायात सात हजारांचे बूट.

"मास्तर! आग कुठे लागली?" मैमुनाबींनी विचारलं.

खोटं बोलणं स्वभावात नाही. "आग नाही. आम्ही इटलीला चाललो होतो," मी म्हणालो.

बिल्डिंगच्या ऑफिसकडून दुसऱ्या दिवशी पत्र आलं. आगीच्या जिन्याचा सहलीसाठी वापर करू नये, असं त्यात अतिशय नम्रपणे लिहिलं होतं. ते पत्र एक वेळ सोसलं असतं. पण आता बत्तीसच्या बत्तीस मजल्यांना कळलं की तेविसाव्यावरचे मास्तर इटलीला जाणार. मग सल्ले सुरू झाले. लिफ्टमध्ये शिरलो की सल्ला आणि बाहेर पडेपर्यंत दुसरा.

"मास्तर, तिथे पाकीटमार फार. पैसे मोज्यात ठेवा," रामेश्वर म्हणाले.

"चालताना मोज्यातले पैसे टोचतात हो."

"टोचले पाहिजेत. टोचले म्हणजे आहेत."

सल्ल्याने वजन वाढत नाही, पण सल्ल्यामागून पार्सलं येतात. आखातात राहणाऱ्यांची ही रीत आहे: कुणी कुठेही निघालं की त्याच्या हाती दुसऱ्यासाठी काहीतरी द्यायचं. आणि नाही म्हणायचं नाही. का म्हणायचं नाही? कारण माझ्या आईचं इन्सुलिन पाच वर्षं अशाच अनोळखी लोकांच्या बॅगांतून दाभोळला आलं. ज्यांनी ते आणलं त्यांतल्या निम्म्यांची नावंही मला माहीत नाहीत. त्यामुळे मैमुनाबी दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी दोन्ही हात पुढे केले.

"माझा भाचा वासिफ जहाजावर आहे. त्याचं जहाज मार्चअखेर जेनोवाला लागतं. तुमच्या त्या गावांच्या जवळच आहे म्हणे. पोरगं चार महिने उकडलेलं खातंय. हे सुके बोंबील, हे कोळंबीचे सोडे, आणि ही लिंबाच्या लोणच्याची बरणी."

"मैमुनाबी, तो मुलूखच लिंबांचा आहे हो."

"लिंबं असतील. लोणचं आहे का?"

मी बरणी आत घेतली. रामेश्वरांच्या चुलतभावाला मिलानमध्ये ज्वारीचं पीठ मिळत नव्हतं, तीन किलो. तो माणूस जेनोवापर्यंत येऊन घेऊन जाणार होता. अलीमियाँनी कोकम आगळाच्या दोन बाटल्या दिल्या. कुणासाठी ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. "तिथे आपलं कुणी ना कुणी भेटेलच, इन्शाल्ला," म्हणाले. इटलीत आपलं कुणी नाही, या माझ्या समजाचं हे असं झालं.

इथल्या प्रत्येक घरात बॅग टांगून तोलायचा हातातला वजनकाटा असतो. ओवेसने शुक्रवारी बॅग टांगली. साडेतेरा किलो. त्यातले माझे कपडे अडीच.

"अब्बा, यातलं थोडं राहू दे," तो म्हणाला.

"अमानत आहे. ठेवली की ठेवली," मी म्हणालो. मास्तराने ताठ मानेने बोलावं अशी जी वाक्यं असतात, ती नंतर पाठीवर येतात.

शनिवारी सकाळी सातला ओवेसने आम्हाला कॉर्निशच्या एका टोकाला सोडलं आणि दुसऱ्या टोकाला वाट पाहायला निघून गेला. दुआच्या पाठीवर पाण्याच्या बाटल्या आणि भिंतीवरून काढून घडी घातलेला आमचा नकाशा. हवा छान. पाणी इतकं स्वच्छ, की दुआने पहिल्याच किलोमीटरला विचारलं, "इज धिस द सेम वॉटर, नाना? इटलीचं?"

मी थांबलो. मुलांनो, असा प्रश्न आला की बोटाने हवेत नकाशा काढायचा असतो. हे पाणी अरबी आखातातून बाहेर पडतं, अरबी समुद्रातून लाल समुद्रात, तिथून सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात. म्हणजे कुठेही न तुटता ते तिथवर पोचतं. दुआने कठड्यावरून वाकून पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. आमच्या वेळापत्रकातली सहा मिनिटं त्यात गेली, आणि मला त्यांचं दुःख नाही.

दुसऱ्या किलोमीटरला एक मांजर मागे लागलं. तिसऱ्याला तीन झाली. कॉर्निशवर मांजरं पुष्कळ, आणि माझ्या पाठीवर दीड किलो बोंबील, ऊन लागून हळूहळू आपलं अस्तित्व जाहीर करत होते. पळत व्यायाम करणारी माणसं आमच्याजवळ आली की वेग वाढवायची. चौथ्या किलोमीटरला पाच मांजरं झाली तेव्हा दुआने त्यांना आमच्या पाच गावांची नावं दिली. शेवटचं गाव लंगडत होतं. त्याच्या पुढे मीही.

सहाव्या किलोमीटरला उजव्या गुडघ्याने काम थांबवलं. पाय उचलायचा म्हटलं तर तो दुसऱ्या कुणाचातरी असल्यासारखा. फुलांच्या वाफ्यांशेजारी एक बाक होतं, त्यावर बसलो. बॅग उतरवली. पाच गावं भोवती बसली.

"टेन मिनिट्स रेस्ट?" दुआ म्हणाली.

दहा मिनिटं झाली. उठलो, चार पावलं टाकली, परत बसलो. मी खिशातून फोन काढला. ओवेसला सांगायला हवं होतं की गाडी इकडे आण. दुआने फोनकडे पाहिलं. तिने पाठीवरचा नकाशा काढून मांडीवर उघडला आणि पेन्सिलीने काढलेल्या त्या दोन माणसांवर अंगठा ठेवला.

तेवढ्यात वाफ्यातून आवाज आला, "काका, बोंबील आहेत काय हो?"

पाण्याची नळी हातात धरलेला एक माळी होता. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. नाव तुकाराम, संगमेश्वर तालुक्यातला. गेली नऊ वर्षं या फुलांना पाणी घालतो.

"वासावरून ओळखलंत?"

"नऊ वर्षांत पयल्यांदा आला हा वास. खोलीवर आम्ही अकरा जण, सगळे तिकडचेच. मेसमध्ये रोज डाळ." मग मांजरांकडे पाहून म्हणाला, "कुठे निघालात एवढं घेऊन?"

मी सगळं सांगितलं. फॉर्म, एनओसी, आठ किलोमीटर. तुकारामने नळी बाजूला धरली, पाणी वाया जाऊ नये म्हणून तोंड अंगठ्याने दाबलं आणि हसला.

"मी ही नळी ओढत रोज बारा चालतो, काका. मला कुणी कागद मागितला नाही तो."

दुआ त्याच्याकडे पाहतच राहिली. "ट्वेल्व्ह? एव्हरी डे?" आणि मग ती माझ्याकडे वळली. "नाना, पपा सेड द सेम बॅग वुई टेक टू इटली. राइट?"

"हो."

"सो, इफ वुई आर नॉट टेकिंग धिस..." तिने बॅगेला पाय लावला. "देन इट्स नॉट लगेज."

"बाळ, ती दुसऱ्याची अमानत आहे. आपल्याला देता येत नाही."

"ओके. देन वुई नीड एनओसी," दुआ म्हणाली. आणि माझ्या हातातला फोन घेऊन तिने मैमुनाबींना लावला. आवाज मोठा ठेवला.

"मैमुना नानी, धिस इज दुआ. वासिफ अंकलचे बोंबील. हिअर इज वन अंकल. नाइन इयर्स नो बोंबील. कॅन वुई गिव्ह हिम? डू यू हॅव एनी ऑब्जेक्शन?"

मी डोळे मिटले. मग मैमुनाबींचा आवाज आला.

"कुठला आहे तो?"

"संगमेश्वर, चाची," तुकाराम वाकून फोनमध्ये म्हणाला.

"खोलीवर किती जण?"

"अकरा."

"मग दीड किलो कसे पुरतील? मास्तरांना म्हणावं सोडेही द्या. वासिफला मी दुसरे पाठवीन. आणि ऐक रे, बोंबील धुऊन घे, आणि तेल कमी टाक, नाहीतर मऊ पडतात. लोणचंही ठेव. तिकडे लिंबं आहेत म्हणे."

रामेश्वरांनी पिठाला चटकन होकार दिला. भावाचं आणि त्यांचं सकाळीच फोनवर वाजलं होतं. अलीमियाँ मात्र म्हणाले, "नो ऑब्जेक्शन. पण लेखी हवं असेल तर दुकानात या." मी तुकारामच्या हातात एकेक पुडा दिला. पीठ घेताना तो थांबला. "काका, भाकरी करायला येते आमच्यातल्या दोघांना," म्हणाला आणि पिशवी हातात तोलत राहिला. मग वाफ्याच्या सावलीत सगळं नीट रचून ठेवलं, एकावर एक. पाचही मांजरं तिकडे गेली.

बॅगेत उरले अडीच किलो. दुआने माझी काठी माझ्या हातात दिली आणि समोर बोट केलं. "नाना, सी दॅट लॅम्प पोस्ट? दॅट इज द नेक्स्ट व्हिलेज. ओन्ली दॅट मच." ही माझीच पद्धत होती. वर्गात मोठी नदी शिकवताना मी मुलांना एका वेळी एकच गाव ओलांडायला लावत असे. त्या दिव्याच्या खांबापर्यंत गेलो. मग पुढच्या. प्रत्येक गावात दुआ काय काय आहे ते सांगायची. इथे लिंबांची बाग, इथे कोळ्याचं गुलाबी घर, इथे एक बाई आहे पण ती चहाला बोलावत नाही, डोन्ट वरी. दोन किलोमीटरला आम्ही एकोणपन्नास गावं केली.

टोकाला ओवेस गाडीला टेकून उभा होता. त्याने घड्याळ पाहिलं, मग बॅग उचलून पाहिली. "ही इतकी हलकी कशी?"

दुआने सगळी हकीकत सांगितली, तिन्ही फोनांसकट. "धिस इज व्हॉट वुई टेक टू इटली. नाऊ." ओवेसने बॅग उघडून तळापर्यंत हात घालून तपासली. एक बोंबलाचं शेपूट निघालं, ते बाजूला ठेवलं. मग कागद बॉनेटवर ठेवून त्याने सही केली. सही करताना त्याचा चेहरा ठोकळा अपेक्षेपेक्षा जास्त दाबाला टिकल्यावर होतो तसा झाला होता.

"शिक्का?" मी म्हणालो. "अलीमियाँ म्हणाले, शिक्क्याशिवाय चालत नाही."

"कंपनीचा शिक्का घरच्या कागदावर मारणार नाही, अब्बा. ते तत्त्वात बसत नाही."

दुआने गाडीचा पुढचा खण उघडला, त्यातून शिक्का काढला आणि आपल्या उजव्या गुडघ्यावर दाबला. तपासले, समाधानकारक. मग डाव्या. ओवेस तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "पपा, धिस इज नॉट पेपर." मग ती माझ्यासमोर खाली बसली, माझ्या विजारीचा उजवा पाय वर गुंडाळला आणि सुजलेल्या गुडघ्यावर अगदी हळू, न दुखेल असा शिक्का उमटवला.

ओवेसने मागचं दार उघडलं. आतून गार हवा आली. मी लगेच आत बसलो. अभिमान वगैरे सकाळीच बाकावर राहिला होता. दुआ मात्र उघड्या दाराशी उभी राहिली. समोरचा फुटपाथ समुद्राला सोडून वळत होता आणि एका भिंतीमागे दिसेनासा होत होता.

"पपा, व्हेअर डझ इट गो?"

"असेल कुठेतरी. बस चल."

दुआने नकाशाची घडी घातली, ती माझ्या मांडीवर ठेवली, बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा घट्ट बांधल्या, "यू ब्रिंग द कार," म्हणाली, आणि ते वळण कुठे जातं ते पाहायला निघाली.